बहात्तर तासांची मुभा : वऱ्हाडातील पूर, पूल आणि परवाना

पूर ओसरल्यावर पुलाच्या गाळ्यांत काय काय अडकलेले असते, हे वऱ्हाडात वाढलेल्या वाचकास सांगावे लागत नाही. पऱ्हाट्या, तुराट्या, उन्मळलेल्या बाभळी, बेशरमाची झुडपे, कुणाच्या गोठ्याचे वासे, आणि या सगळ्याला लेपून बसलेली काळी चिखलमाती. हा ढीग काढला नाही तर पुढच्या पावसात पाणी पुलाखालून जात नाही. ते पुलावरून जाते किंवा शेजारच्या शेतातून वाट काढते. ढीग काढायला हवा, यावर कुणाचे दुमत नसते. वाद असतो तो निराळा : तो कोणी काढायचा, कोणाच्या हुकमाने काढायचा, आणि हुकूम येईपर्यंत थांबायचे की आधी कामाला हात घालून मागाहून कळवायचे?

आजचा धागा या प्रश्नांविषयी आहे. विषय कोरडा वाटेल. पण 'घाई करण्याचा अधिकार कोणाला' या एका प्रश्नातून राज्यसत्ता, रेल्वे कंपनी आणि शेतकरी यांचे परस्परांशी असलेले नाते जितके स्पष्ट दिसते, तितके ते लढायांच्या वर्णनांतून दिसत नाही, असे माझे मत आहे.

आधी भूगोल पाहू, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे.

वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुडा, म्हणजे मेळघाटचा डोंगराळ प्रदेश. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, म्हणजे बालाघाट. आणि या दोहोंच्या मधे पूर्णेचे सखल खोरे, ज्याला पयानघाट म्हणतात. शहानूर, चंद्रभागा यांसारख्या नद्या उत्तरेकडून उतरतात. मन, मोर्णा, काटेपूर्णा, उमा या दक्षिणेकडून येतात. डोंगरउतारावर त्यांना जोर असतो. सपाटीवर आल्यावर वेग एकदम मंदावतो आणि वाहून आणलेले ओझे त्या तिथेच टाकतात. भोवतालची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि काठ ढासळून पात्रात येतो. अकोट, दर्यापूर, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचरा मुळातच संथ.

आता या चित्रावर एक आडवी रेघ ओढा. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्णेला साधारण समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. पूर्णेला दक्षिणेकडून मिळणाऱ्या नद्या मात्र दक्षिणोत्तर वाहतात. म्हणजे लोहमार्ग यांतील एकेका नदीला आडवा छेदत जातो : पारसजवळ मन, अकोल्यात मोर्णा, पुढे काटेपूर्णा, मूर्तिजापूरच्या बाजूस उमा. दोन पुलांच्या मधे मातीचा उंच भराव. पूर्वी चार वाटांनी पसरून जाणारे पाणी या भरावाने अडते आणि पुलाच्या ठरावीक गाळ्यांतूनच त्याला जावे लागते. त्या गाळ्यांत पऱ्हाट्या अडकल्या, की भरावाचा बांध होतो आणि वरच्या अंगाची शेते तळे होतात.

रेल्वेपूर्वी हा प्रश्न या स्वरूपात नव्हताच. नदी उताराने ओलांडायची, पूर असेल तर काठावर मुक्काम करायचा, हा शिरस्ता. उलट पुराचे पाणी कधी कामाचेही असे. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमापाशी उभा आहे. पावसाळ्यात पाण्याने वेढला जाणे ही त्याच्या दृष्टीने आपत्ती नव्हती, तो बचाव होता. तिथले पात्र मोकळे ठेवण्याची घाई कोणाला असणार?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस अडला, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी जी.आय.पी.चा, लोहमार्ग याच दशकात वऱ्हाड पार करून १८६७ साली नागपूरला पोहोचला. गंमत अशी, की गाडी नागपुरात शिरेपर्यंत अमेरिकेतले युद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि भाव कोसळले होते. पण लोहमार्ग राहिला, आणि त्याबरोबर एक नवी गोष्ट या प्रदेशात रुजली : थांबणे परवडत नाही अशी वाट. बैलगाडी काठावर दोन दिवस थांबू शकते. वेळापत्रक थांबू शकत नाही.

इथे कायदा येतो, आणि आजच्या धाग्याचा गाभाही.

१८९० चा नववा अधिनियम म्हणजे 'इंडियन रेल्वेज अ‍ॅक्ट'. तो जवळजवळ शंभर वर्षे चालला. त्याचे कलम ९ फारसे कोणी वाचत नाही, पण वाचण्यासारखे आहे. त्याचा आशय असा : रेल्वेच्या कापणीस, भरावास किंवा अन्य बांधकामास घसरण अथवा अपघात झाला, किंवा तसा होण्याची धास्ती असली, तर दुरुस्तीसाठी वा प्रतिबंधासाठी लगतच्या कोणाच्याही जमिनीत शिरून काम करण्याची परवानगी गव्हर्नर जनरल इन कौन्सिल रेल्वेला देऊ शकतो. इथवर नेहमीचा सरकारी थाट. पण पुढचे उपकलम सांगते, की निकड असेल तर ही परवानगी न घेताही रेल्वेने जमिनीत शिरावे आणि काम करावे. मात्र शिरल्यापासून ७२ तासांच्या आत अपघात कोणत्या स्वरूपाचा आहे आणि कोणते काम आवश्यक आहे याचा अहवाल सरकारकडे पाठवावा. अहवाल पाहून सरकारला वाटले, की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी याची गरज नाही, तर तो अधिकार तिथेच संपतो.

आधी काम, मग कागद. आज आपण ज्याला आपत्कालीन परवाना म्हणतो, त्याचा सांगाडा इथे पूर्ण दिसतो : निकडीची अट, कामाची मर्यादा, अहवालाची मुदत आणि वरून थांबवण्याची सोय.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय होई, याची कल्पना करू. श्रावणातली रात्र, मोर्णेला पूर, पुलाच्या वरच्या अंगास झाडोरा अडकून पाणी भरावाकडे वळले आहे आणि भराव खचू लागला आहे. कंपनीचा इंजिनिअर मजुरांची टोळी घेऊन शेजारच्या पऱ्हाटीच्या उभ्या पिकात शिरतो, पाण्याला वाट देण्यासाठी चर खणतो, काढलेला गाळ त्याच शेतात टाकतो. शेताचा मालक सकाळी येतो तेव्हा त्याचे निम्मे शेत चर आणि ढिगारा झालेले असते. इंजिनिअरने काही बेकायदा केले का? कलम ९ प्रमाणे मुळीच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत कागद रवाना झाला की झाले.

आणि भरपाई? कलम १० म्हणते, ती द्यावी. पण त्यासाठी रेल्वेवर दिवाणी दावा चालणार नाही. रकमेवरून तंटा झाला तर कलेक्टरकडे अर्ज करायचा आणि भूसंपादनाच्या कायद्याच्या रीतीने ती रक्कम ठरायची. (वऱ्हाडात जिल्ह्याच्या प्रमुखास त्या काळी डेप्युटी कमिशनर म्हणत, हे जाता जाता लक्षात ठेवा; जुनी कागदपत्रे वाचताना 'कलेक्टर' शोधत बसाल तर सापडणार नाही.) कंपनीच्या घाईला ७२ तासांची मुदत होती. शेतकऱ्याच्या भरपाईला अशी तासांत मोजलेली मुदत कलमात नव्हती. हा फरक मला साऱ्या कायद्यातला सर्वांत बोलका वाटतो.

एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे. त्याच अधिनियमाचे कलम ११ रेल्वेवर बंधन घालते, की लोहमार्ग होण्यापूर्वी आसपासच्या जमिनींतून पाणी जितक्या मोकळेपणाने जात होते, शक्य तितक्या त्याच मोकळेपणाने ते जावे, अशा मापाच्या मोऱ्या, कमानी आणि गटारे रेल्वेने बांधून त्यांची देखभाल करावी. तत्त्व उत्तम. पण त्यालाही एक शेपूट होते : मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर जमीनमालकांच्या सोयीसाठी आणखी नवी बांधकामे स्वतःच्या खर्चाने करण्याची सक्ती रेल्वेवर करता येत नसे. नागपूरचा मार्ग १८६७ साली खुला झालेला, हा अधिनियम १८९० चा. वऱ्हाडच्या मुख्य मार्गापुरती दहा वर्षांची मोजणी कायदा जन्मण्यापूर्वीच संपलेली होती. नदीने पात्र बदलले, मोरी अपुरी पडू लागली, आणि शेतकऱ्याला नवी मोरी हवी झाली, तर खर्चाचा प्रश्न त्याच्याच दाराशी.

वऱ्हाडच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. हा प्रदेश व्यवहारात इंग्रजांकडे, पण कागदोपत्री निजामाचा. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, तरीही निजामाचे सार्वभौमत्व नावापुरते शिल्लकच होते. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. अधिसूचना काढून ते एकेक करून वऱ्हाडास लावले जात. हा घोळ निस्तरण्यासाठी थेट १९४१ साली 'बेरार लॉज अ‍ॅक्ट' करावा लागला. अमरावती–अकोल्याचा कायदेविषयक इतिहास लिहिणाऱ्याने प्रत्येक अधिनियमापुढे 'हा इथे कधी आणि कसा आला?' असे प्रश्नचिन्ह ठेवले पाहिजे.

रेल्वेला घाईचा हक्क होता. मग इतरांना काय होते?

पाटबंधाऱ्यांचे कायदे पाहा. १८७३ चा उत्तर हिंदुस्थानातील कालवे व निचरा अधिनियम आणि मुंबई इलाख्याचा १८७९ चा पाटबंधारे अधिनियम, दोहोंत नदीनाल्यांतील अडथळे दूर करण्याची तरतूद आहे. तिची चाल मात्र निराळी. आधी सरकारने अमुक नाल्याविषयी अधिसूचना काढायची. मग अधिकाऱ्याने अडथळा करणाऱ्यास नोटीस द्यायची, मुदत द्यायची. त्याने ऐकले नाही तर अधिकाऱ्याने स्वतः अडथळा काढून खर्च वसूल करायचा. क्रम न्याय्य आहे, पण पुराच्या मानाने मंद. शिवाय हा कायदा गृहीत धरतो, की अडथळा कोणीतरी 'केलेला' असतो. पुराने आणून टाकलेल्या बाभळीला नोटीस कोणी बजावायची?

दंडाधिकाऱ्याच्या हाती एक हत्यार अधिक धारदार होते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, मग ती १८९८ ची असो की १९७३ ची, सार्वजनिक वापराच्या रस्त्यावरचा, नदीतला किंवा जलमार्गातला बेकायदा अडथळा दूर करण्याचा सशर्त हुकूम देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास देते. आणि कलम १४२ म्हणते, की धोका गंभीर व तातडीचा असेल, तर चौकशी पुरी होण्याची वाट न पाहता मनाई हुकूम द्यावा. तो पाळला गेला नाही तर दंडाधिकाऱ्याने धोका टाळण्यासाठी योग्य वाटतील ते उपाय स्वतः योजावेत. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ पासून पुढे नांदते आहे. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या गटारांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १३३ चाच आधार घेतला होता, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

उलट दिशेचा एक खटलाही सांगण्याजोगा आहे. मद्रास इलाख्यात कार्वेतनगरच्या जमीनदाराच्या मुलुखातील जुने तलाव अतिवृष्टीने फुटले आणि त्या लोंढ्याने रेल्वेचे पूल उद्ध्वस्त केले. रेल्वे कंपनीने जमीनदारावर दावा लावला. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की हे तलाव शेतीसाठी परंपरेने चालत आलेले आहेत, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्य आहे, आणि त्याचा निष्काळजीपणा नसल्यास तो दायी नाही. इंग्लंडातला कडक नियम हिंदुस्थानच्या तलावांना जसाच्या तसा लावायला न्यायाधीशांनी नकार दिला. त्या काळी रेल्वे दर वेळी जिंकत असे, असा समज असणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

आता शेतकरी. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई पद्धतीची पाहणी आणि जमाबंदी झाली; सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले. शेतातून जाणारा नाला पोटखराब म्हणून मांडला गेला. मोठे नदीनाले सरकारचे, हे तत्त्व मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेत कलम ३७ मध्ये आहे आणि आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २० मध्ये. परिणाम असा, की काठ ढासळला तर नुकसान खातेदाराचे, आणि ढासळलेली माती ज्या पात्रात पडली ते पात्र सरकारचे. पुलापाशी तुंबलेला ढीग कोणाच्या मालकीच्या जागेत आहे, हे ठरवायलाच एक पंचनामा लागतो.

'परवाना' हा शब्द मूळचा फारसी, शिक्क्यानिशी दिलेल्या लेखी हुकमासाठी बादशाही दफ्तरांतून आपल्याकडे आला. हुकूम वरून खाली जातो. आपण तो खालून वर मागू लागलो, तो अर्जांचा जमाना नंतरचा.

या प्रदेशात परवाना न मागता नदीकाठ साफ करणारा एक मनुष्य होऊन गेला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जी भागातील शेणगावचा. भातकुलीजवळच्या ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषात यात्रा भरते. तिथल्या चिखलात यात्रेकरूंचे हाल होत. बाबांनी तिथे हाती झाडू आणि फावडे घेतले आणि पुढे घाट बांधवला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. हा योगायोग आहे, त्यातून अर्थ काढण्याची गरज नाही. पण सार्वजनिक पात्राची सफाई हे सरकारचे काम की गावाचे, या वादात ऋणमोचनचे उदाहरण डावलून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर या कहाणीला अनपेक्षित कलाटणी मिळाली. ती सिमेंटने दिली.

पुराने पुलाखाली आणून टाकलेली वाळू जी.आय.पी.च्या इंजिनिअरला कटकट वाटे. काँक्रीटचे युग आले आणि तीच वाळू माल झाली. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात वाळू हे गौण खनिज. तिचे नियम करण्याचा अधिकार राज्याला. स्वामित्वधन भरल्याशिवाय आणि वाहतुकीचा पास असल्याशिवाय एक ब्रासही हलवायची नाही. म्हणजे पुलाचे गाळे मोकळे करण्यासाठी काढलेला गाळ ट्रॅक्टरमध्ये भरला, की कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या गोष्टी एकाच फावड्याने होतात : आपत्तीनिवारण आणि खनिजाचे उत्खनन. पहिलीला शाबासकी, दुसरीला दंड. तहसीलदाराने साशंक असावे यात नवल नाही, कारण सफाईच्या नावाखाली उपसा हा सर्वपरिचित प्रकार आहे.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजासही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरवली. वाळूमाफियाला वेसण घालण्यासाठी हे हवेच होते. पण मग पूर ओसरल्यावर शेतात पसरलेली वाळू काढणाऱ्या शेतकऱ्याचे काय? १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने याचे उत्तर दिले. काही कामांना मंजुरीतून सूट मिळाली : पुरानंतर शेतजमिनीवर साचलेली वाळू शेतकऱ्याने काढणे, गावतळ्यातील गाळ काढणे, आणि देखभाल व आपत्ती व्यवस्थापनासाठी धरणे, बंधारे, नद्या व कालवे यांतील गाळ उपसणे. त्याच वर्षीच्या शाश्वत वाळूउत्खननाच्या मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात, की पुलासारख्या महत्त्वाच्या बांधकामापासून २०० ते ५०० मीटरपर्यंत वाळू काढू नये.

एकाच सरकारने एकाच वर्षी सांगितलेल्या या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. त्या तशा नाहीत, आणि का नाहीत हे समजून घेण्यासाठी थोडे जलशास्त्र लागते.

पुलापाशी पुराचे पाणी दोन उलट कामे करते. खांबांच्या वरच्या अंगास आणि गाळ्यांत ते झाडोरा व गाळ साठवते. त्याच वेळी खांबाच्या बुडाशी भोवरा फिरतो आणि पायाभोवतीची माती खरवडली जाते. पूर ओसरताना तो खड्डा मऊ गाळाने भरून येतो, म्हणून वरून दिसत नाही. आता यंत्र लावून 'पात्र खोल करू' म्हणत मूळ तळाच्याही खाली खणले, तर पाया उघडा पडतो. पुलाच्या खालच्या अंगास खोल खड्डा केला तरी सुटका नाही. नदी त्या खड्ड्याकडे झेप घेत आपला तळ वरच्या दिशेने कापत जाते आणि काही पावसाळ्यांत पुलापर्यंत पोहोचते. म्हणून तळाच्या वर अडकलेले काढायचे, तळ खरवडायचा नाही. चांगला परवाना हा फरक लिहून देतो : किती लांबी, कोणत्या पातळीपर्यंत, काढलेला माल कुठे टाकायचा. वाईट परवान्यात 'नाला साफ करणे' एवढे तीनच शब्द असतात.

हा धडा जगात इतरत्रही महागात शिकला गेला आहे. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रस्ते आणि पूल वाहून गेले. पुढच्या काही आठवड्यांत लोकांनी यंत्रे ओढ्यांत उतरवली आणि कित्येक ओढे सरळ व खोल करून टाकले. अशा ओढ्यात पाणी पूर्वीपेक्षा वेगाने धावते आणि खालच्या पुलाला अधिक मारते. त्यानंतर तिथल्या राज्याने आपत्कालीन कामांचे नियम कडक केले. न्यूयॉर्क राज्यात अशा कामाची सूचना आधी देणे जमले नाही, तर काम सुरू झाल्यापासून २४ तासांत ती द्यावी लागते. १८९० च्या आपल्या ७२ तासांशी ही ताडून पाहा. साचा तोच आहे.

आपल्याकडे तो साचा पुढे कुठे गेला? १८९० च्या अधिनियमाची जागा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाने घेतली. त्यातले कलम १४ जुन्या कलम ९ चेच वारस आहे. लगतच्या जमिनीत शिरण्याचा अधिकार कायम, अहवाल कायम, केंद्र सरकारचा थांबवण्याचा अधिकारही कायम. '७२ तास' हे शब्द मात्र गेले आणि 'विहित केलेल्या मुदतीत' असे आले. मला हा बदल रुचत नाही. कलमात छापलेला आकडा कोणालाही वाचता येतो. 'विहित' म्हणजे नियमांच्या पुस्तकात शोधत बसणे.

रेल्वेबाहेरच्या पुलांसाठी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम निर्णायक ठरला. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. कलम ३४ प्रमाणे ते ढिगारा हलवू शकतात, तात्पुरते पूल उभारू शकतात, धोकादायक किंवा आपत्तीत भर घालणारी बांधकामे पाडू शकतात. कलम ५० प्रमाणे तातडीच्या खरेदीस निविदेची अट शिथिल होते. १८९० साली जी मुभा फक्त रेल्वेच्या भरावापुरती होती, ती ११५ वर्षांनी गावच्या रपट्यापर्यंत पोहोचली, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की या अधिकाराला सुरुवात व्हायला 'आपत्ती' असावी लागते. आणि अडकलेला झाडोरा पूर येईपर्यंत आपत्ती नसतो, नुसता कचरा असतो.

कचरा आणि आपत्ती यांमधले अंतर किती कमी असते, हे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री हरद्याजवळ एका मोरीपाशी पुराच्या पाण्याने रुळांखालची खडी वाहून नेली आणि कामायनी व जनता या दोन गाड्या घसरल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल दोन एस.टी. बसगाड्यांसह वाहून गेला. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पुराचे पाणी वाहत असताना एस.टी.ची बस नाल्यात गेली; तो पूल कमी उंचीचा, वऱ्हाडात असे शेकडो आहेत.

अकोल्याच्या मोर्णेत वेगळाच अडथळा होता : जलकुंभी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, आपल्या बेशरमासारखीच पाहुणी म्हणून आलेली आणि घरमालक झालेली. शहराचे सांडपाणी तिचे खत. संथ पात्रावर तिचा गालिचा पसरतो आणि पावसाळ्यात तो सुटून पुलांच्या खांबांशी जाऊन बसतो. १३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्यात मोर्णा स्वच्छता मोहीम सुरू झाली; हजारो नागरिक पात्रात उतरले आणि त्याच महिन्याच्या 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख झाला. त्या मोहिमेचे कौतुक झाले ते योग्यच होते. इतिहासाच्या दृष्टीने मला त्यातला महिना महत्त्वाचा वाटतो. जानेवारीत पात्र ओसरलेले असते, पुराला पाच महिने अवकाश असतो, आणि कोणालाही आपत्कालीन कलमाची गरज पडत नाही.

पूर्णेवरच्या गांधीग्रामच्या पुलाची कथा याच्या अगदी उलट आहे. अकोला–अकोट रस्त्यावरचा हा ब्रिटिशकालीन पूल. कित्येक पावसाळे त्याने अंगावर घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला तडे गेल्याचे दिसले आणि वाहतूक बंद करावी लागली. अकोटच्या लोकांना रोजच्या कामासाठी लांबचा वळसा पडू लागला, आणि नोव्हेंबरात अकोला–अकोट रेल्वेगाडी सुरू झाली तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याचा पूल थकला आणि रेल्वेने वाट दिली.

तुमच्या गावात असा एखादा पूल किंवा रपटा असेल, आणि पुरानंतर त्याचे गाळे कोण मोकळे करते हे घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, तर त्यांना विचारून खाली लिहा. गावाचे आणि नाल्याचे नाव तेवढे नक्की द्या. पुढच्या धाग्यात मुख्य मार्गावरून खामगाव आणि अमरावतीकडे काढलेल्या कापसाच्या शाखामार्गांकडे वळू.